टीव्हीला काय जोडावे : बॉक्स की संगणक?

गेल्या दिवाळीच्या आधी आवराआवर करताना आमच्या कपाटाच्या तळाशी बुटांचा एक जुना खोका सापडला. आत बूट नव्हते, कॅसेट्स होत्या. नणंदेच्या लग्नाची १९९५ सालची व्हीएचएस, चिरंजीवांच्या मुंजीच्या २००४ सालच्या काडेपेटीएवढ्या मिनीडीव्ही टेप्स आणि दिरांनी २०११ साली सगळ्यांना काशीला नेले तेव्हाची कॅमेऱ्याची दोन मेमरी कार्डे. व्हीसीआर तर आम्ही केव्हाच भंगारात दिला होता. हा ठेवा पाहायचा कशावर?

चिरंजीव बंगळुरूला असतात. ते खोका घेऊन गेले, तिथल्या एका दुकानातून टेप्स डिजिटल करून घेतल्या आणि महिन्याभराने एक टीबीची हार्डडिस्क घरी आली. त्यातच २०२३ च्या गणपतीत त्यांनी मोबाइलवर घेतलेले चित्रणही होते. सासूबाईंचा तो शेवटचा गणपती.

आमचे सासरे, नाना, चौऱ्याऐंशीचे. हात थोडा थरथरतो, नजर बरी आहे, आणि स्वभाव असा की पाण्याचा पेलासुद्धा कुणाकडे मागणार नाहीत. डिस्क आल्यावर एवढेच म्हणाले, "सूनबाई, मला माझं माझं लावता येईल असं काहीतरी करा. दर वेळी तुम्हाला हाक मारायची, ते बरं नाही वाटत."

ही एवढी अट पुरी करायला आम्हाला चार महिने लागले! त्या चार महिन्यांत मला जे कळले ते लिहिते आहे, कारण असा बुटांचा खोका आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असणार. मी संगणकाची जाणकार नव्हे. पण साडी घेताना जशी आपण चार दुकाने पालथी घालतो, तशी ही दुकाने पालथी घातली.

गाद्यांचे बोचके

आधी एक हिशेब. ज्याला 'फुल एचडी' म्हणतात त्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे वीस लाखांहून अधिक. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले आणि आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एका सेकंदाचे १५५ एमबी होतात आणि एका तासाचे जवळजवळ ५६० जीबी! चिरंजीवांची अख्खी डिस्क दोन तासांतच भरली असती.

म्हणून चित्रण दाबून ठेवतात. बदली झाली की आपण गाद्या-रजया दाबून बोचके बांधतो ना, तसेच. त्याच एका तासाचे मग तीन-चार जीबी होतात. फरक इतकाच, की हे बोचके सेकंदाला २५ वेळा सोडावे लागते आणि तेही न अडखळता. बोचके बांधण्याच्या पद्धतीही काळाप्रमाणे बदलत गेल्या. २००३ साली एच.२६४ आली, ती आज सगळीकडे चालते. २०१३ साली एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी आली, तिच्यात निम्म्या जागेत तेवढेच चित्र मावते. २०१८ साली एव्ही१ आली. आयफोनवाले नातेवाईक जे चित्रण पाठवतात ते २०१७ पासून बहुधा एचईव्हीसीत असते.

बॉक्स आणि संगणक यांच्यातला खरा फरक या गाठींपाशी आहे. बॉक्समध्ये गाठी सोडणारी एक खास चिप असते. तिला कारखान्यात जेवढ्या गाठी शिकवल्या, तेवढ्या ती झोपेतही सोडते. ना पंखा, ना उष्णता, ना आवाज. पण न शिकवलेली गाठ समोर आली की हात वर! संगणकाचे तसे नाही. त्याच्यावर नवा प्रोग्राम टाकला की तो नवी गाठ शिकतो. मात्र ती सोडताना त्याला घाम फुटतो, आणि संगणक म्हातारा असेल तर दमही लागतो.

हा वाद आजचा नाही. २००८ साली वेस्टर्न डिजिटलने डब्ल्यूडी टीव्ही नावाचा छोटा डबा काढला. त्याला हार्डडिस्क जोडायची, दुसऱ्या बाजूने एचडीएमआयची वायर टीव्हीला द्यायची, की झाले! इंटरनेट लागत नसे. त्या सुमारास आमच्या दिरांनीही असाच एका कंपनीचा डबा आणला होता आणि आम्ही भलतेच खूश होतो. तीन-चार वर्षांनी नव्या फायली त्यावर चालेनाशा झाल्या, आणि मराठी सबटायटल्सच्या जागी तर पहिल्या दिवसापासून चौकोनच दिसत. आज तो डबा माळ्यावर आहे. टाकवत नाही, एवढेच.

पेनड्राइव्हची फजिती

आमचा पहिला प्रयोग बिनखर्चाचा होता. टीव्ही ४३ इंची, स्मार्ट, मागे यूएसबीची जागा. मग वेगळे काही हवेच कशाला? यांनी ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणला आणि मुंजीची फाइल त्यावर टाकायला घेतली. संगणक म्हणाला, फाइल फार मोठी आहे. आता मिनीडीव्हीच्या एका तासाच्या टेपचे साधारण १३ जीबी होतात आणि पेनड्राइव्हवर तर ३२ जीबी मोकळे! ह्यांनी दुकानदाराला फोन करून दोन शब्द सुनावलेसुद्धा. दोष दुकानदाराचा नव्हता. असे पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीने आखलेले येतात, आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. तोच ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने पुन्हा फॉरमॅट केला की काम होते. (फॉरमॅट केल्यावर आधीचे सगळे पुसले जाते, हे आधी लक्षात घ्या. नंतर नको!)

तेवढे केल्यावर टीव्हीवर मुंज लावली, तर 'हा प्रकार चालत नाही' अशी पाटी आली. डीव्हीची गाठ टीव्हीच्या चिपला ठाऊकच नव्हती. लग्नाची फाइल लागली. काशीचीही लागली, पण गंगेवरच्या नावेत सासूबाई हात हलवतात तिथे त्यांच्या बोटांना फणीसारखे दात दिसू लागले.

हे दात म्हणजे जुन्या टीव्हीचा वारसा. पूर्वीचा टीव्ही एक चित्र दोन हप्त्यांत काढी. आधी एकाआड एक रेषा आणि पन्नासांश सेकंदाने उरलेल्या. कॅमेरेही त्याच पद्धतीने टिपत. आमचा २०११ चा कॅमेरा एचडी खरा, पण तोही असाच रेषांनी टिपणारा. सपाट पडद्यावर दोन्ही हप्ते एकदम दाखवले की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला दात दिसतात. चांगला प्लेअर ते सांधून घेतो. आमच्या टीव्हीने घेतले नाहीत.

टीव्हीच्या यूएसबीचा आणखी एक नखरा सांगते, कारण शेजारच्या काकू त्यापायी आठवडाभर हैराण होत्या. चित्र छान, पण आवाज नाही! त्यांच्या फाइलमध्ये आवाज डीटीएस पद्धतीचा होता आणि अलीकडच्या काळात काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या टीव्हींतून डीटीएस काढून टाकले आहे. काकूंनी मेकॅनिक बोलावला, त्याने स्पीकर तपासले आणि भेटीचे पैसे घेऊन तो गेला.

संगणक आला, आणि गेला

मग चिरंजीवांचा कॉलेजातला जुना पीसी दिवाणखान्यात आला. त्यावर व्हीएलसी टाकले. हे प्लेअर फुकट मिळते. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते निघाले आणि २००१ पासून सगळ्यांना खुले झाले. मी त्या मुलांना मनोमन आशीर्वाद दिला, कारण डिस्कवरची प्रत्येक फाइल लागली. लग्न, मुंज, काशी, सगळे काही. मेनूत 'डीइंटरलेस' म्हणून सोय आहे, ती चालू केल्यावर सासूबाईंच्या बोटांचे दातही गेले.

अडखळला तो फक्त २०२३ चा गणपती. ते चित्रण होते ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचे आणि एचईव्हीसीत बांधलेले. इंटेलच्या प्रोसेसरांत एचईव्हीसी सोडण्याची खास सोय २०१५ च्या सुमारास सहाव्या पिढीपासून आली. आमचा पीसी त्याच्या चार वर्षे आधीचा. बिचारा पंखा घरघरवीत सेकंदाला पाच-सहा चित्रे दाखवी. आरतीचा आवाज पुढे आणि हात मागे!

त्याहीपेक्षा मोठी अडचण वेगळीच निघाली. पीसी टेबलाशी बसून वापरायची वस्तू आहे. दहा फुटांवरच्या आरामखुर्चीतून पडद्यावरची अक्षरे मुंगीएवढी दिसतात. माउस ठेवायचा कुठे, मांडीवरच्या पुस्तकावर? नानांचा हात थरथरला की बाण तिसरीकडेच जाई. एका संध्याकाळी ते मुंज पाहत होते. भिक्षावळीचा प्रसंग चालू होता, आणि संगणकाने नेमका तेव्हाच स्वतःला अद्ययावत करून घेण्याचा मुहूर्त काढला. पडदा निळा पडला आणि टक्केवारी सरकू लागली. नाना पंधरा मिनिटे तसेच बसून राहिले. त्यांनी हाक मारली नाही. मी पोळ्या करून बाहेर आले तेव्हा मला कळले.

दुसऱ्या दिवशी पीसी आतल्या खोलीत परत गेला.

विजेचा हिशेबही मी मांडून पाहिला होता. जुना पीसी साधारण ८० वॉट घेतो. रोज तीन तास धरले तर महिन्याला सात युनिट. बॉक्सला चार-पाच वॉट लागतात, म्हणजे महिन्याला अर्धे युनिटही नाही. एवढ्याने कुणी श्रीमंत होत नाही, पण वीज गेल्यावर छोट्या इन्व्हर्टरवर बॉक्स सहज चालतो, ही सोय लहान नाही. आणि हो, ज्यांच्या जुन्या पीसीवर विंडोज १० आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याची नेहमीची देखभाल थांबवली आहे. असा पीसी इंटरनेटला न जोडता नुसत्या घरच्या फायली दाखवायला ठेवला तर हरकत नाही. त्यावर बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत.

'सगळे चॅनेल फुकट'

आता बॉक्स घ्यायचा ठरले. ह्यांच्या एका मित्राने बाजारातून एक आणलाही. वर '८के' असे लिहिलेले, किंमत निम्मी, आणि विकणारा म्हणे, "भाभीजी, सगळे चॅनेल फुकट, आयुष्यभर!" नशीब, चिरंजीवांना फोन केला. ते म्हणाले, "आई, तो घरच्या वाय-फायला अजिबात जोडू नका."

त्यांचे म्हणणे खरे होते. अशा अनधिकृत अँड्रॉइड बॉक्सपैकी लाखोंमध्ये कारखान्यातून किंवा वाटेतच घुसखोर प्रोग्राम भरलेले सापडले आहेत. या टोळीला 'बॅडबॉक्स' असे नाव पडले. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याविषयी जाहीर इशारा दिला. असा बॉक्स तुमच्या घरचे इंटरनेट परक्यांना वाट म्हणून वापरू देतो. तुम्ही पिक्चर पाहत असता, आणि तुमच्या पत्त्यावरून भलतेच कुणी भलतेच उद्योग करत असते! फुकट चॅनेल चोरीचे असतात, हा मुद्दा आणखी वेगळा.

अशा बॉक्सचा दुसरा तोटा लगेच दिसणारा आहे. नेटफ्लिक्ससारख्या सेवा समोरच्या यंत्राचे प्रमाणपत्र पाहून चित्र पाठवतात. अँड्रॉइडवर्गातल्या यंत्रात वाइडवाइन एल१ नावाची परवानगी नसेल, तर पडदा कितीही मोठा असो, चित्र साधेच येते. पैसे एचडीचे भरायचे आणि पाहायचे धूसर! संगणकालाही ही अडचण थोडीफार असते. त्याच सेवेचे चित्र एका ब्राउझरात चांगले आणि दुसऱ्यात कमी प्रतीचे असे होते, आणि ४के हवे असेल तर संगणक, वायर आणि पडदा हे तिन्ही एचडीसीपी २.२ या कुलपाला जुळणारे लागतात. तेव्हा ज्या घरात मुख्यतः वर्गणीच्या मालिका-सिनेमे पाहिले जातात, तिथे मी डोळे झाकून बॉक्स किंवा स्टिक म्हणेन. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक आपल्याकडे २०१७ साली आली, तेव्हापासून हा प्रकार घरोघर पोहोचला आहे. इंटरनेटचा वेगही फार लागत नाही. फुल एचडीला सेकंदाला ५ मेगाबिट आणि ४केला १५, असे नेटफ्लिक्सच सांगते. मात्र मोबाइलच्या डेटावर पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की पाचाच्या वेगाने तासाला सव्वादोन जीबी जातात.

ज्या घरात स्वतःच्या फायलींचा साठा मोठा आहे, तिथे नुसती स्टिक पुरत नाही. स्टिकला बहुधा एकच जागा असते आणि ती वीज घेण्यातच जाते. तिथे यूएसबी असलेला बॉक्स हवा.

डिस्कवाल्यांसाठी एक चौकशी करून ठेवली, तीही सांगते. ४के ब्लू-रे डिस्क संगणकावर रीतसर चालवायला इंटेलच्या प्रोसेसरातली एसजीएक्स नावाची सोय लागत असे, आणि कंपनीने अकराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरांतून ती काढून टाकली. म्हणजे इथे नवा संगणक जुन्यापेक्षा कमी कामाचा! त्या डिस्क जमवणाऱ्यांनी सरळ डिस्क प्लेअर घ्यावा.

शेवटी काय जमले

आम्ही प्रमाणपत्र असलेला, गूगलच्या टीव्ही प्रणालीवर चालणारा, यूएसबीचा बॉक्स घेतला. पाच हजारांच्या आत काम झाले. नवा छोटा पीसी घेतला असता तर पंधरा-वीस हजारांच्या पुढेच गेलो असतो. बॉक्सवर व्हीएलसीच टाकले. फायलींची मराठी नावे नीट दिसतात. जोडाक्षरेसुद्धा!

पण आतल्या खोलीतल्या पीसीला मी सुट्टी दिलेली नाही. बॉक्सवर जे रडत होते ते सगळे त्याच्याकडून तयार करून घेतले. हँडब्रेक नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्यात मुंजीची आणि काशीची फाइल घालून एच.२६४ मध्ये बांधून घेतली. फणीचे दात काढायची खूण करायला विसरू नका, आणि सेकंदाला ५० चित्रे ठेवा. मग हालचाल मूळच्या टेपसारखी मऊ राहते. हे काम पीसी रात्रभर घरघर करत करतो. सकाळी दुधाच्या वेळी फाइल तयार! मूळ फायली मात्र पुसल्या नाहीत. दाबलेले पुन्हा दाबले की थोडे काहीतरी हरवतेच.

एका गोष्टीने आम्हाला आठ दिवस छळले. नाव संथ चालली असतानाही मागचा घाट अडखळत सरके. बॉक्स टीव्हीला सेकंदाला ६० चित्रे देत होता आणि आमचे चित्रण २५ चे. साठाला पंचविसाने नेमका भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा, असा लंगडा ताल होई. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ६० च्या जागी ५० केले आणि घाट सुरळीत सरकू लागला. आपल्याकडची क्रिकेटची प्रक्षेपणे, जुन्या कॅमेऱ्यांची चित्रणे ही २५ किंवा ५० ची असतात. घरी चेंडू धक्के खात सीमापार जात असेल, तर आधी हे पाहा.

हार्डडिस्क थेट बॉक्सला जोडली होती, ती मधूनच बंद पडे. बॉक्सची यूएसबी तिला पुरेशी वीज देत नव्हती. आता त्या जागी १२८ जीबीचा पेनड्राइव्ह कायमचा लावून ठेवला आहे आणि डिस्क कपाटात आहे. तिची दुसरी प्रत चिरंजीवांकडे बंगळुरूला असते. हार्डडिस्क हे फिरते यंत्र, ते कधी तरी बसणारच. एका गावात, एका कपाटात, एकच प्रत ठेवायला माझे मन धजत नाही.

राहिला रिमोट. त्याच्यावरची नको ती बटणे मी कागदी चिकटपट्टीने झाकली आणि मधल्या गोल बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. पेनड्राइव्हवर चारच फोल्डर आहेत : लग्न, मुंज, काशी, गणपती. पडदा सुरू केला की दोनदा लाल ठिपका दाबायचा, बाण खाली-वर करायचा आणि पुन्हा ठिपका. पहिले तीन दिवस मी शेजारी बसले. चौथ्या दिवशी नाना म्हणाले, "तुम्ही तुमचं काम बघा."

आता चारच्या चहानंतर बाहेरून गंगेचा आवाज येतो. घाटावर सासूबाई पितळेच्या घंटेसाठी दुकानदाराशी हुज्जत घालतात, तेवढा भाग बहुधा दोनदा ऐकू येतो. मागे न्यायचे बटण कोणते, ते मी त्यांना शिकवले नव्हते. त्यांनी चिकटपट्टी काढून शोधले.

बुटांच्या खोक्यातल्या दोन कॅसेट्स अजून तशाच आहेत. त्यांवर लेबल नाही आणि फितीवर पांढरी बुरशी चढली आहे. बंगळुरूच्या दुकानदाराने त्या यंत्रात घालायला नकार दिला. त्या हाताने साफ करून देणारा माणूस आम्ही इंदुरात शोधतो आहोत.